हिंगणघाटचा लॅम्बटन: वाचकांची पत्रं आणि माझी उत्तरं

मागच्या अंकात शेताच्या मोजणीवर लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहिलं होतं: ज्याने हिंदुस्थानचा पाठीचा कणा मोजला तो लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला, चिरनिद्रा घेतो आहे. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या महिन्याचं सदर त्यालाच देतो आहे. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. नोकरीभर बांध, हद्दीचे दगड आणि साखळी यांच्याशीच संबंध आला. त्यामुळे उत्तरं मोजणीदाराच्या नजरेतून येतील.

हिंगणघाटहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी लिहितो: सर, आमच्या गावात एका इंग्रजाची कबर आहे. कोणी म्हणतं तो सेनापती होता, कोणी म्हणतं त्याने माउंट एव्हरेस्ट मोजलं. नेमका कोण होता तो?

बाळा, सेनापती तो नव्हता आणि एव्हरेस्टही त्याने मोजलं नाही. हिमालयाची ती शिखरं मोजली गेली तोवर त्याला जाऊन पाव शतक उलटून गेलं होतं. पण ती ज्या जाळ्याच्या आधाराने मोजता आली, त्या जाळ्याची पहिली गाठ लॅम्बटनने मारली.

तो इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातला. जन्म 1750 च्या दशकातला. घरची शेतीवाडी बेताची, पण गणितात डोकं तल्लख. 1781 मध्ये सैन्यात अगदी तळाचा अधिकारी म्हणून भरती झाला आणि पुढे तेहतिसाव्या पायदळ पलटणीत गेला. उत्तर अमेरिकेत इंग्रजी मुलखाच्या सरहद्दीच्या आणि वसाहतींच्या जमिनींच्या मोजणीत त्याने हात बसवला. मग न्यू ब्रन्सविक प्रांतात बराकींची देखभाल करणारा अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली. बढती नाही, नाव नाही. चाळिशी उलटली तरी त्याच्या नावावर सांगण्यासारखं काही नव्हतं. या काळात त्याने एकच गोष्ट केली. गणिताची, खगोलाची आणि पृथ्वीचा आकार मोजण्याच्या शास्त्राची जी पुस्तकं हाती लागली ती वाचून काढली.

1796 च्या सुमारास तो हिंदुस्थानात आपल्या पलटणीत परतला, तेव्हा तिचा कर्नल होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे 1803 मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांशी लढला आणि नंतर ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लॅम्बटन त्याच्याबरोबर टिपूवरच्या मोहिमेत गेला. श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या सुरुवातीला, एप्रिल 1799 मध्ये, जनरल बेअर्डची तुकडी रात्रीच्या अंधारात परत छावणीकडे निघाली होती. लॅम्बटनने आकाशाकडे पाहिलं आणि ओळखलं की आपण उत्तरेला जायच्या ऐवजी दक्षिणेला, म्हणजे थेट टिपूच्या फौजेकडे चाललो आहोत. त्याने जाऊन सांगितलं. बेअर्डला ते रुचलं नाही, वाट ठरवायला मला तारे लागत नाहीत असा त्याचा सूर होता. पण होकायंत्र पाहिलं तेव्हा ताऱ्यांचंच खरं निघालं आणि तुकडी वळवली गेली.

टिपू पडला, म्हैसूरचा मुलूख हाती आला आणि त्याचा नकाशा करायची गरज निर्माण झाली. तेव्हा लॅम्बटनने आपली योजना पुढे केली. मद्रासच्या किनाऱ्यापासून मलबारच्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकायची आणि मग तीच दक्षिणोत्तर वाढवायची. नकाशा तर होईलच, शिवाय पृथ्वी विषुववृत्ताजवळ नेमकी किती वाकलेली आहे तेही कळेल. वेलस्लीने शब्द टाकला आणि मंजुरी मिळाली. मद्रासच्या खर्च समितीतल्या एका सदस्याने मात्र विरोध केला होता. त्याचं म्हणणं असं, की कुणाला श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर त्याने पालखीच्या भोयांना सांगावं, ते बरोबर पोचवतील, नकाशा कशाला हवा? अशी माणसं प्रत्येक काळात प्रत्येक समितीत असतात. लॅम्बटनने त्याच्याशी वाद घालत वेळ दवडला नाही.

समुद्र ते समुद्र हे काम झालं तेव्हा पहिलाच धक्का बसला. जुन्या नकाशांवर मद्रास ते मंगळूर हे अंतर 400 मैल दाखवलं जाई, ते भरलं 360 मैल. चाळीस मैल रुंदीची जमीन नकाशावरून पुसली गेली. त्यानंतर वीस वर्षं तो चालत राहिला. कन्याकुमारीच्या टोकापासून कर्नाटक, तेलंगण, बीदर, वऱ्हाड. 1 जानेवारी 1818 पासून हे काम मद्रास सरकारकडून कलकत्त्याच्या सरकारकडे गेलं आणि त्याला ‘ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे’ असं भारदस्त नाव मिळालं. त्याच वर्षी त्याच्या हाताखाली एक तरुण तोफखाना अधिकारी आला. त्याचं नाव जॉर्ज एव्हरेस्ट.

1823 च्या सुरुवातीला लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला आपलं मुख्य ठाणं हलवायला निघाला होता. वय सत्तरीच्या घरात, छाती खोकल्याने पोखरलेली. सामानाच्या गाड्या, यंत्रं, कागदपत्रं, माणसं असा सगळा लवाजमा बरोबर. वणा नदीकाठच्या हिंगणघाटला मुक्काम पडला आणि जानेवारीत तिथेच तो गेला. तेव्हा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, कारभार मात्र इंग्रज रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती. मायदेशाहून 1780 च्या दशकात निघालेला हा माणूस परत कधी घरी गेला नाही. तुझ्या गावात आहे ती त्याची कबर.

अकोल्याहून एक वाचक विचारतात: लॅम्बटन एका डोळ्याने आंधळा होता म्हणतात. मग दुर्बिणीतून कोन कसे वाचत असे?

एक डोळा अधू होता हे खरं. अमेरिकेत असताना सूर्यग्रहण उघड्या डोळ्याने पाहिलं, त्याचा तो परिणाम. पण दुर्बिणीला एकच डोळा लागतो आणि उरलेला त्याचा उत्तम होता. अडचण होती ती वयाची आणि प्रकृतीची. एव्हरेस्टने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. उंचापुरा, टक्कल पडलेला, थकलेला म्हातारा. पण मोठ्या यंत्राजवळ उभा राहिला की डोळ्यांत चमक आणि अंगात जोम, जणू दुसराच माणूस.

वाशीम जिल्ह्यातून एक शेतकरी: रामराम साहेब. माझ्या साडेतीन एकराची दोनदा मोजणी झाली, दोन्ही वेळा दीड-दोन गुंठ्यांचा फरक आला. अन् तुम्ही म्हणता की त्या माणसानं दोनशे वर्षांपूर्वी अर्धा देश बिनचूक मोजला. हे कसं जमलं त्याला?

रामराम दादा. बिनचूक हा शब्द मोजणीत आम्ही वापरत नाही. कोणतीच मोजणी बिनचूक नसते. चूक किती आहे हे माहीत असणं, ही मोजणी. लॅम्बटनचं मोठेपण इथेच आहे, म्हणून तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो.

अर्धा देश साखळी ओढत मोजणं शक्य नसतं. वाटेत नद्या, डोंगर, रान. म्हणून एकच रेघ जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची, तिला आधाररेषा म्हणतात. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरची खूण बघायची आणि दोन कोन वाचायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्यातली एक बाजू घेऊन पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा. एकेक बाजू वीस-वीस, तीस-तीस मैलांची. म्हणजे सगळी इमारत त्या पहिल्या रेघेवर उभी. ती हातभर चुकली तर चूक पुढे शेकडो मैल वाढत जाते.

म्हणून त्याने मद्रासजवळ, सेंट थॉमस माउंटच्या सपाटीवर, 1802 च्या एप्रिल-मे मध्ये जी आधाररेषा मोजली ती कशी मोजली ते बघा. लांबी सुमारे साडेसात मैल. साखळी पोलादी, 100 फुटी, अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्यांची. ती जमिनीवर टाकली तर मातीच्या उंचसखलपणामुळे झोल येणार. म्हणून वीस-वीस फूट लांबीच्या लाकडी पन्हळी करवून घेतल्या, त्या तिवयांवर ठेवल्या, तिवया स्क्रूने वरखाली करून एका पातळीत आणल्या आणि साखळी त्या पन्हळीत अलगद पसरली. शंभर फूट झाले की सगळं उचलायचं, पुढे मांडायचं, पुन्हा पातळी, पुन्हा ताण. असं चारशेच्या आसपास वेळा.

आणि तरी एक शत्रू उरतोच, तो म्हणजे ऊन. पोलाद तापलं की लांबतं. साखळीवर ते नजरेला दिसत नाही, पण हिशेब करा. साडेसात मैलांच्या रेघेत तापमान एका अंशाने वाढलं तर सुमारे 14 सेंटिमीटरचा फरक पडतो. मद्रासच्या वैशाखात सकाळ आणि दुपार यांत दहा-बारा अंशांचं अंतर सहज असतं, म्हणजे दीड मीटर गेला. लॅम्बटन साखळीशेजारी थर्मामीटर ठेवून प्रत्येक मांडणीचं तापमान लिहून घेई आणि नंतर सगळ्या लांब्या एकाच ठरावीक तापमानावर आणून बेरीज करी. तुमची मोजणी झाली तेव्हा टेप किती तापली होती हे कुणी लिहिलं होतं का? खरं तर लिहायची गरजही नसते. साडेतीन एकरात ऊन फार तर चार-पाच चौरस मीटरचा घोळ घालेल. तुमचा दीड-दोन गुंठ्यांचा फरक बांधामुळे आहे. बांध सरकला आहे किंवा हद्दीचा दगड हलला आहे. जुनं टिपण काढून खुणा जुळवून घ्या, नाहीतर निमताना मोजणीचा, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीचा, अर्ज करा.

आता पडताळा. दोन वर्षांनी, 1804 मध्ये, त्याने बंगळूरजवळ दुसरी आधाररेषा मोजली. मद्रासहून त्रिकोणांमागून त्रिकोण करत जे गणित आलं होतं, त्यानुसार तिची लांबी आधीच काढलेली होती. आता प्रत्यक्ष साखळीने मोजली. सात मैलांच्या त्या रेघेत गणित आणि साखळी यांतला फरक निघाला चार इंचांच्या आत. मधलं अंतर दीडशे मैलांहून जास्त होतं, हे ध्यानात घ्या. मी हा आकडा प्रशिक्षणात पहिल्यांदा ऐकला तेव्हापासून माझ्या लेखी लॅम्बटन हा आमच्या पेशातला सगळ्यात मोठा माणूस आहे.

जाता जाता त्या साखळीची हकिकत सांगतो. ती लॉर्ड मॅकार्टनीच्या वकिलातीबरोबर चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून गेली होती. बादशहाने इंग्रजांच्या यंत्रांत रस दाखवला नाही. वकिलातीतल्या एका शास्त्रज्ञाच्या हाती ती उरली, तो ती घेऊन कलकत्त्याला आला आणि लॅम्बटनसाठी ती विकत घेतली गेली. कोन वाचायचं मोठं यंत्र, थिओडोलाइट, लंडनच्या विल्यम केरीने बनवलं होतं. त्याची आडवी तबकडी तीन फूट व्यासाची, वजन सुमारे अर्धा टन. ते घेऊन येणारं जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडलं आणि यंत्र मॉरिशसला गेलं. पेटी उघडल्यावर ते काय आहे हे फ्रेंचांना कळलं आणि त्यांनी ते सन्मानाने मद्रासला परत पाठवलं. दोन्ही देशांत तेव्हा लढाई चालू होती.

तंजावरहून एक मराठीभाषक वाचक: आमच्या पूर्वजांच्या गावी, बृहदीश्वराच्या देवळात, लॅम्बटनचं यंत्र फुटलं अशी गोष्ट ऐकली आहे. देवळावर यंत्र चढवायचं कारण काय?

कारण तुमच्याकडे टेकड्या नाहीत. कावेरीचा सगळा प्रदेश सपाट, त्यात नारळीची दाट झाडी. वीस मैलांवरची खूण दिसायची तर उंचावर जाणं भाग, आणि उंच काय तर देवळांची गोपुरं. म्हणून 1808 मध्ये तो गोपुरांवरून काम करत तंजावरला पोचला. तेव्हा गादीवर सरफोजीराजे दुसरे होते. राज्याचा कारभार कंपनीने घेतला होता, राजांकडे किल्ला आणि विद्या उरली होती. त्याच देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी शिलालेख त्यांनी 1803 मध्ये कोरवला. तुम्ही तो पाहिला असेलच.

देवळाचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांहून उंच. अर्ध्या टनाचं यंत्र दोरखंडांनी वर ओढत असताना, भिंतीपासून ते दूर धरणारा एक दोर तुटला आणि यंत्र झोका घेऊन देवळाच्या दगडी भिंतीवर आदळलं. पेटीत असूनही तबकडी वाकली. ज्या कड्यावर अंशांचे बारीक भाग कोरलेले असतात तेच वाकलं, म्हणजे यंत्राचा जीवच गेला. दुसरा कुणी असता तर लंडनला पत्र लिहून दोन वर्षं नव्या यंत्राची वाट बघत बसला असता. लॅम्बटनने ते तंबूत नेलं, कारागिरांखेरीज कुणाला आत येऊ दिलं नाही आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून ती तबकडी केसाकेसाने ओढत जवळपास मूळ गोलाकारात आणली. त्यानंतरची सगळी वर्षं त्याच यंत्रावर काम झालं. कड्यात राहिलेला दोष त्याला ठाऊक होता, म्हणून तोच कोन तो कड्याच्या वेगवेगळ्या भागांवर पुन्हा पुन्हा वाचून सरासरी घेई. हत्यारात दोष असला तरी तो कुठे आणि किती हे माहीत असेल तर काम थांबत नाही, हे त्या सहा आठवड्यांनी दाखवलं.

देवळाच्या कुठल्या बाजूला ते आदळलं हे तुमच्या भागातल्या कुणी शोधलं असेल तर मला जरूर लिहा.

अमरावतीहून एक शिक्षिका: ही जी दक्षिणोत्तर रेषा म्हणतात, ती आमच्या जिल्ह्यातून गेली का?

हो ताई, गेली. ती ढोबळमानाने 78 रेखांशाच्या आसपास चालते. बीदरजवळच्या दामरगिड्डा या ठाण्यापासून निघून वऱ्हाडात एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर, त्या भागातल्या टकलखेरा नावाने नोंदलेल्या ठाण्यापर्यंत एक टप्पा येतो. तिथून सातपुडा ओलांडून, नर्मदा पार करून माळव्यात सिरोंजला. लॅम्बटनच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा एव्हरेस्ट हैदराबादकडून मुंबईच्या दिशेने त्रिकोण टाकत होता. ते सोडून त्याने दक्षिणोत्तर रेषा हाती घेतली. त्याला तेलंगणाच्या जंगलात आधीच हिवतापाने गाठलं होतं, त्यात आता हातपाय लुळे पडले. खलाशी, म्हणजे मोजणी पथकातले मदतनीस, त्याला उचलून यंत्राजवळ नेत आणि तो कोन वाचे. अशा अवस्थेत वऱ्हाड आणि सातपुडा त्याने पार केला. ही रेषा मसुरीपर्यंत नेऊन 1841 मध्ये त्याने पुरी केली, एकूण सुमारे 2400 किलोमीटर.

हिवताप एवढा का होई, याचं कारण कामाच्या पद्धतीतच होतं. उन्हाळ्यात धूळ आणि झळांमुळे दूरची खूण थरथरते. पावसाळ्यात हवा धुऊन निघते आणि तीस मैलांवरचा झेंडा स्वच्छ दिसतो. म्हणून लॅम्बटन ऐन पावसाळ्यात रानात राही. माणसं त्यामुळेच दगावत. टेकडीवर झेंडा धरून दिवसचे दिवस एकटा बसणारा खलाशी, त्याच्या मरणाची नोंद फार तर एका आकड्यात. मला या कामाबद्दल सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट कोणती, तर ही. नकाशावर अधिकाऱ्याचं नाव आहे, झेंडेवाल्याचं नाही.

चिपळूणहून एक वाचक: घाटावरचं झालं. आमच्या कोकणाची मोजणी कोणी केली?

दक्षिण कोकणच्या मोजणीसाठी नाव घ्यायचं ते थॉमस बेस्ट जर्व्हिस याचं. मुंबई इलाख्याचा लष्करी इंजिनिअर, जन्म 1796 मध्ये सिलोनात जाफन्याला. पेशवाई बुडाल्यावर लगेच, 1819 पासून, त्याने तुमच्या भागाची मोजणी आणि खानेसुमारीची माहिती गोळा करायला घेतली. पुढे एव्हरेस्टच्या जागी त्याची निवड होण्याची चिन्हं दिसताच एव्हरेस्ट असा खवळला की त्याने रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना उद्देशून रागाची पत्रं लिहून ती छापूनच काढली. जर्व्हिसला ती जागा मिळाली नाही. इंग्लंडला परतल्यावर त्याने क्रिमियाच्या लढाईच्या वेळी नकाशांचं महत्त्व सरकारच्या गळी उतरवलं आणि 1855 मध्ये युद्धखात्याचा नकाशा विभाग उभा करवला. त्याचा थोरला भाऊ जॉर्ज जर्व्हिस हाही लष्करी इंजिनिअर. मराठीत गणिताची पहिली छापील पाठ्यपुस्तकं तयार झाली त्यात या थोरल्या भावाचा मोठा वाटा आहे. मराठीतून बीजगणित-भूमिती शिकणाऱ्या प्रत्येकाने त्याची आठवण ठेवावी असं मला वाटतं.

पुण्याहून एक वाचक: आपण या लॅम्बटनचं कौतुक करता, पण हे नकाशे इंग्रजांनी आपला देश आवळायला केले. तोफा कुठून न्यायच्या आणि सारा किती बसवायचा यासाठी. मग कौतुक कशाला?

तुमचा राग मला समजतो आणि तुम्ही सांगता ते कारण खरं आहे. कंपनी परोपकारासाठी पैसे खर्च करत नव्हती. म्हैसूर पडल्यावर म्हैसूरची मोजणी, पेशवाई आणि नागपूर पडल्यावर आपली. क्रम डोळ्यांसमोर आहे. लोकांनाही ते तेव्हाच कळत होतं. या लोकांच्या दुर्बिणीतून भिंतीपलीकडचा जनाना दिसतो, माणसं उलटी दिसतात अशा वदंता गावोगाव होत्या आणि डोंगरावर चढू द्यायला लोक विरोध करत. परक्याने आपलं घर मोजायला घेतलं की घरातल्या माणसाला जी भीती वाटते, ती वेडगळ म्हणून मी सोडून देणार नाही.

पण दोन गोष्टी सांगतो. पहिली, साऱ्याची मोजणी आणि लॅम्बटनची मोजणी या वेगळ्या. त्याने कुणाचं शेत मोजलं नाही. शेतं मोजली ती दुसऱ्यांनी, आणि तिथे चुकीची मोजणी काय करते ते आपल्या मराठी मुलखाने भोगलं आहे. 1820 च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनमध्ये सारा बसवला. त्याखालची मापं सदोष, जमिनीची प्रतवारी सदोष. सारा डोईजड झाला आणि कुणब्यांनी शेतं टाकली, गावं सोडली. मग 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांना सगळं नव्याने मोजावं लागलं. विंगेटही लष्करी इंजिनिअरच. राज्य परकं असो वा आपलं, मोजणी खोटी निघाली की तिची किंमत शेतकरी देतो.

दुसरी गोष्ट, त्याने काढलेले आकडे कंपनीबरोबर बुडाले नाहीत. या कामातून पृथ्वीच्या वक्रतेचं जे माप एव्हरेस्टने 1830 मध्ये मांडलं, त्यावर आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांच्या कित्येक पिढ्या बसवल्या गेल्या. धरणं, रेल्वे, कालवे त्या नकाशांवरून झाले. आज मोबाइलमधलं उपग्रहाचं माप वेगळ्या आकारावर बसवलेलं असतं, म्हणून जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश मोबाइलमध्ये टाकले की जागा थोडी सरकलेली दिसते. हा फरक दोन मापपद्धतींचा आहे, तो नकाशाचा दोष समजू नये. आणि हे काम एकट्या गोऱ्यांचं राहिलंही नाही. पुढे गणिताची धुरा राधानाथ सिकदार यांनी वाहिली आणि यंत्रं अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांनी इतकी उत्तम दुरुस्त केली की एव्हरेस्टने त्यांच्यासाठी अधिकृत यंत्रकाराचं पद मिळवलं.

मी कौतुक करतो ते माणसाच्या कामाचं. ते ज्या सत्तेसाठी झालं तिचं करत नाही. हे दोन्ही मनात एकदम ठेवता येतं, निदान मला येतं. तुम्हाला येत नसेल तर मी आग्रह धरणार नाही.

यवतमाळहून एक वाचक थोडक्यात विचारतात: एव्हरेस्ट शिखराला लॅम्बटनचं नाव का दिलं नाही?

कारण नाव सुचवणारा अँड्र्यू वॉ हा एव्हरेस्टचा शिष्य होता, लॅम्बटनला जाऊन तेहतीस वर्षं झाली होती आणि त्याच्या बाजूने बोलणारं कुणी उरलं नव्हतं. माझ्या मते हा अन्याय आहे. अर्थात त्या शिखराला तिबेटी आणि नेपाळी लोकांची आपापली नावं आहेत, तीच वापरली जावीत हे अधिक बरं. लॅम्बटनला जिवंतपणी मान मिळाला तो आधी फ्रेंच विज्ञान अकादमीकडून आणि मग लंडनच्या रॉयल सोसायटीकडून. त्याच्याच सरकारने त्याच्या कामाची फारशी वाच्यता केली नाही.

वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेचे भूगोल शिक्षक: सर, आठवी-नववीच्या मुलांना हे प्रत्यक्ष करून दाखवायचं असेल तर काय करावं? शाळेत यंत्र नाही.

यंत्राशिवाय होतं. शाळेच्या मैदानावर तीन खुंट्या ठोका, शक्यतो शंभर फुटांहून लांब अंतरावर. दोन खुंट्यांमधलं अंतर पोलादी टेपने सकाळी आठला मोजा आणि पुन्हा दुपारी दोनला. तीस मीटरच्या टेपमध्ये दहा अंशांनी फार तर तीन-साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो, तो हाताने मोजताना बहुधा सापडणार नाही. पण टेप किती सैल धरली, किती ताणली याचा फरक नक्की सापडेल. तो मुलांना स्वतःला सापडू द्या.

मग जुना ड्रॉइंग बोर्ड स्टुलावर ठेवा, वर कागद, कागदावर एक मोठा कोनमापक आणि कडेला उभ्या टाचण्या लावलेली पट्टी. पट्टीच्या टाचण्यांमधून दूरची खुंटी बघायची आणि कोन वाचायचा. प्रत्येक खुंटीवर तीन वेगवेगळ्या मुलांनी, एकमेकांचे आकडे न बघता. तिन्ही कोनांची बेरीज 180 यायला हवी. ती 178 किंवा 183 येईल. लॅम्बटनच्या त्रिकोणात ती 180 हून किंचित जास्तच यायला हवी असे, कारण पृथ्वी गोल आहे आणि पन्नास किलोमीटर बाजूच्या त्रिकोणात त्यामुळे पाच-साडेपाच सेकंदांची (कोनाचा सेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) भर पडते. तेवढं तुमच्या मैदानावर दिसणार नाही, पण नववीच्या मुलांना सांगायला हरकत नाही.

शेवटी एक बाजू आणि कोन यांवरून कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून उरलेल्या दोन बाजू काढा आणि मगच टेपने मोजून ताडा. हिंगणघाट जवळ असेल तर त्याच आठवड्यात मुलांना कबरीवर घेऊन जा, जाताना खराटा आणि पाणी न्या.

मुलांचे आकडे मासिकाच्या पत्त्यावर पाठवलेत तर मी तपासून देईन. बेरीज 180 करण्यासाठी कुणी आकडा बदलू नये एवढं मात्र बघा. 183 आली तर 183 च लिहा आणि कोणता कोन कोणी वाचला ते शेजारी नोंदवा.